‘झपाटलेला’ : आवाज कोणाचा, विश्वास कोणावर?

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. तात्या विंचू हे नाव माहीत नाही असा मराठी माणूस आजही विरळा. तरीही या सिनेमाबद्दल लिहिताना बहुतेकांची मजल ‘हॉलिवूडची नक्कल’ एवढ्या शेऱ्यापुढे जात नाही. कल्पनेचं मूळ १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटात आहे, हे खरंच आहे. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. आपलं गुपित ज्याला त्यानं पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच देहात त्याला पुढे जाता येतं. ही दोन्ही सूत्रं तिथलीच. पण उसनं आणलेलं बी आपल्या मातीत रुजताना त्याचं काय झालं, हे पाहणं अधिक मोलाचं आहे.

मोठा बदल एकच आहे. अमेरिकन चित्रपटात बाहुला एका सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो. लहान मुलाचं कुणी खरं मानत नाही, त्यामुळे तिथली भीती सरळ आहे. कोठाऱ्यांनी मुलाच्या जागी लक्ष्या आणला. हा वयानं वाढलेला, आईच्या सावलीत राहणारा, बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेला भोळा गडी. शब्दभ्रमाचं अवघं कसब एका फसवणुकीवर उभं असतं : बोलतो माणूस आणि आपल्याला वाटतं बाहुली बोलली. आता अशा माणसाचा बाहुला खरोखरच बोलू लागला, तर गावानं विश्वास कसा ठेवावा? लक्ष्याचा छंदच त्याच्याविरुद्धची साक्ष होतो. पटकथेतली सर्वात हुशार गोष्ट मला हीच वाटते.

ही कोंडी उभी राहते ती आधी ध्वनीतून. तात्या विंचू माणूस असताना दिलीप प्रभावळकर पडद्यावर दिसतात आणि पुढे बाहुल्याचा आवाजही त्यांचाच. घोगरा, चिरका, शब्द चावत येणारा तो आवाज आपण आधी माणसाच्या तोंडून ऐकलेला असतो. त्यामुळे बाहुल्यानं तोंड उघडताच प्रेक्षकाला सगळं कळतं, पण गावाला काहीच कळत नाही. या एका आवाजामुळे प्रेक्षक लक्ष्याचा एकमेव साक्षीदार होतो. आपण त्याला हसतो आणि त्याच वेळी तो खरं बोलतोय हेही आपल्याला ठाऊक असतं. या सिनेमातलं हसू थोडं अपराधी आहे, ते त्यामुळेच.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची. बाहुला साकारला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी घडवलेल्या अर्धवटरावांची परंपरा त्यांच्या पाठीशी होती. हातानं चालवायचा बाहुला चित्रित करायचा तर चालवणारा चौकटीबाहेर लपला पाहिजे. म्हणून चौकट कुठे कापायची, हे आधी ठरवावं लागतं. या अडचणीतूनच भाषा तयार होते. बाहुला खाली आणि माणूस वर असला की तो खेळणं दिसतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरला की तोच बाहुला माणसाच्या बरोबरीला येतो. तो मांडीवर, खाटेवर किंवा छातीवर चढला की उंचीतलं अंतर पुसलं जातं आणि सत्ता बदलते. कोण कोणाच्या ताब्यात आहे, हे संवादाआधी चौकटच सांगते.

तिसरी गोष्ट संकलनाची. लाकडी चेहऱ्याला भाव मोजकेच असतात. डोळे फिरतात, जबडा हलतो, एवढंच. त्याला जिवंत करतो तो पुढचा शॉट, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांचा चेहरा. त्यांची विस्फारलेली नजर, अडखळत धावणारं बोलणं, पळू पाहणारे पण न पळणारे पाय हे पाहून बाहुला मारेकरी आहे हे आपण मान्य करतो. भीती बाहुल्याच्या चेहऱ्यावर नसून पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. बेर्ड्यांना केवळ विनोदी नट म्हणणाऱ्यांनी ही दृश्यं आवाज बंद करून एकदा पाहावीत.

या दोघांचं नातंही सरळ वैराचं नाही. तात्याला लक्ष्याचा देह हवा आहे, म्हणजे तो जिवंत राहायला हवा. मारेकरी त्याच्या मागे लागतो तो हक्काच्या वस्तूमागे लागल्यासारखा. खेड्यापाड्यांत ‘बाहेरचं लागलंय’ म्हणतात, तेव्हाही अशीच एक चिकट जवळीक सुचवलेली असते. फरक इतकाच की खेड्यात कुणाला लागीर झालं म्हटलं की सारं घर धावून येतं. इथं बिचारा स्वतः ओरडून सांगतोय आणि लोक त्यालाच खुळा ठरवताहेत.

या पार्श्वभूमीवर आईचं पात्र पाहावं. मधू कांबीकर यांची ही आई विनोदाला जमिनीवर ठेवते. आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये हीच दोघं आई-मुलगा होती. तिथं हसवणाऱ्या माणसाचं दुःख हा उघड विषय होता. ‘झपाटलेला’मध्ये तोच विषय दाराआड उभा आहे. हसवणारा माणूस संकटात असल्याचं सांगतो, तेव्हा लोकांना ती नवी नक्कल वाटते.

इन्स्पेक्टर महेशच्या भूमिकेत स्वतः दिग्दर्शक आहेत. ‘धुमधडाका’पासून (१९८५) या जोडीची वाटणी पक्की होती : एक धीट, दुसरा घाबरट. इथं त्या वाटणीला कायद्याचं वजन मिळतं. दोन भुवयांच्या मधोमध नेम धरणारा हात त्याचाच. पण ज्याच्यासाठी तो नेम धरायचा, त्याच्यावर आधी विश्वास बसावा लागतो.

२०२४ च्या ‘मुंज्या’त आदित्य सरपोतदार यांनी कोकणातलं भूत संगणकावर घडवलं. तेही एकट्या नायकालाच दिसतं. तिथं नटाला रिकाम्या जागेकडे पाहून घाबरावं लागलं. बेर्ड्यांसमोर निदान एक लाकडी तोंड होतं. २०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला, तात्या विंचू पडद्याबाहेर झेपावला. पण डिसेंबर २००४ मध्ये बेर्डे गेले होते. तंत्र वाढलं, बाहुला तोच राहिला. मात्र त्याच्याकडे पाहून त्याला जिवंत करणारे ते डोळे समोर नव्हते.