औषधांच्या अंतरासाठी संगणकावरील घड्याळ

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेतल्यावर चहा-न्याहारीसाठी निदान अर्धा तास थांबावे लागते. चहा-कॉफीबरोबर ती शरीरात कमी शोषली जाते. डोळ्यांत दोन प्रकारचे थेंब घालायचे असल्यास मध्ये निदान 5 मिनिटे जाऊ द्यावीत. नाहीतर दुसरे औषध पहिल्याला वाहून नेते.

हे अंतर राखण्यासाठी घरच्या संगणकावर वेळ उलटी मोजणारे घड्याळ तयार करता येते. पवईच्या आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे संगणकविषयक धडे मराठीतूनही ऐकता येतात. मुलुंड-बोरिवलीतील एखादी शाळकरी नातही पायथॉन भाषेत हे काम करू शकेल.

मात्र एक पथ्य पाळावे. दर सेकंदाला आकडा एकाने कमी करणे सोपे वाटते. पण संगणक अन्य कामात गुंतला की ठोके उशिरा पडतात, आणि तो ‘स्लीप’मध्ये गेला की मोजणीच थांबते. म्हणून आरंभीच समाप्तीची वेळ नोंदवावी. गोळी 7 वाजता घेतली, तर समाप्ती 7.30. प्रत्येक ठोक्याला त्यातून चालू वेळ वजा करून उरलेली मिनिटे दाखवावीत. ‘स्लीप’मध्ये घंटा वाजत नाही, तेवढा वेळ ती सोय बंद ठेवावी.

वार्धक्यात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून घंटा खालच्या पट्टीतील असावी, अंक ठसठशीत असावेत आणि ‘वेळ झाली’ ही सूचना हाताने बंद करेपर्यंत पडद्यावर राहावी. कोणत्या औषधाला किती अंतर, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच घड्याळात भरावे.