जुनी पद्मिनी: कशाला मुलामा द्यायचा, कशाला नाही

आता इंजिनाकडे वळू. वर्ध्यात एखादी जुनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी उघडली, की तिच्या १०८९ सीसी इंजिनावरचे ब्रॅकेट, नटबोल्ट गंजलेले दिसतात. आपण म्हणतो, सगळंच प्लेटिंगला देऊ. इथं जरा थांबा.

जस्ताचा थर स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो. म्हणून ब्रॅकेट, पट्ट्या, साधे नटबोल्ट खुशाल द्यावेत. पण प्लेटिंगआधी सुटा भाग ॲसिडात बुडतो, नंतर त्यातून वीज जाते. दोन्ही वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो. साध्या बोल्टला फरक पडत नाही, १२.९ ग्रेडचा कडक बोल्ट मात्र ठिसूळ होतो आणि कसल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी अचानक तुटतो. प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत, साधारण २०० अंशांवर, काही तास तापवलं तर धोका कमी होतो. गल्लीतल्या दुकानात ही सोय असेलच असं नाही. म्हणून कनेक्टिंग रॉडचे, फ्लायव्हीलचे बोल्ट प्लेटिंगला द्यायचेच नाहीत, नवे घ्यायचे.

जोडताना आणखी एक. मुलाम्याने किंवा तेलाने आटे गुळगुळीत झाले, तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मग आटे निघतात. म्हणून आधी हाताने फिरवून बघू, मगच टॉर्क पाना लावू. चकाकी नंतर, आधी पकड.