शेरूच्या अंगातला कापूस

फेब्रुवारी संपता संपता मी हिंगणीला गेलो होतो. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं हे गाव. इथूनच रस्ता पुढे बोरधरणाकडे आणि बोर व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलाकडे जातो. मावसभावाच्या अंगणात त्याचा रॉटवायलर कुत्रा, शेरू, ऐसपैस पसरला होता आणि भाऊ दातेरी ब्रशने त्याच्या मांड्या विंचरत होता. ब्रश फिरला की मऊ, करड्या केसांचा पुंजका बाहेर. पुन्हा फिरला की पुन्हा पुंजका! शेजारची छोटी मुलगी डोळे मोठे करून बघत होती. म्हणाली, "काका, याच्या आंगात कापूस भरला हाय का?"

कापसाच्या मुलखातल्या मुलीलाच सुचावा असा प्रश्न! मी तिला म्हटलं, तू सरकी पाहिली आहेस ना? जिनिंगमध्ये कापसाचे लांब धागे निघून गेले तरी सरकीवर बारीक, आखूड लव चिकटलेली राहते. म्हणजे एकाच बीवर दोन तऱ्हेचे तंतू. शेरूच्या अंगावरही असंच आहे, फक्त थोडं निराळ्या रीतीने.

तिचा हात धरून मी शेरूच्या मानेवरचे केस बाजूला केले. वर काळे, राठ, चकाकणारे केस. पाणी टाकलं तर ओघळून जाईल असे. त्यांच्या मुळाशी मात्र बारीक, फिकट, गुबगुबीत लव. कुत्र्याच्या कातडीवर केसांचे झुबके असतात. एका छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती कितीतरी बारीक केस बाहेर येतात. जाड केस म्हणजे रेनकोट, बारीक केस म्हणजे स्वेटर. लवेत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. तुमच्या रजईतही ऊब धरते ती कापसात अडकलेली हवाच.

पण हिंगणीत स्वेटर हवा कशाला? मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो! उत्तरासाठी शेरूच्या पूर्वजांचं गाव बघावं लागेल. जर्मनीच्या दक्षिणेला नेकार नदीकाठी रॉटवाईल नावाचं जुनं शहर आहे. तिथले खाटीक गुरं हाकायला आणि गाड्या ओढायला हे दणकट कुत्रे ठेवत, म्हणून शहराचंच नाव कुत्र्याला मिळालं. तिथल्या हिवाळ्यात बर्फ पडतं. पहाटेच्या थंडीत गुरांमागे धावायचं तर रेनकोट आणि स्वेटर दोन्ही लागणारच.

आता एक गंमत. उत्तम रॉटवायलर कसा दिसावा, याचे नियम लिहून ठेवलेले आहेत. अमेरिकन केनेल क्लबचा नियम सांगतो की मानेवर आणि मांड्यांवर लव असलीच पाहिजे, पण ती किती असावी हे हवामानावर अवलंबून असतं. म्हणून माझा भाऊ मांडी विंचरत होता! एकाच आईची दोन पिल्लं घ्या, एक वर्ध्याला ठेवा आणि एक बर्फाळ गावात. दोघांच्या अंगावरची लव सारखी दाट असणार नाही.

आता स्वेटर काढायची वेळ झाली, हे शेरूला कळतं कसं? त्याच्याकडे कॅलेंडर नाही. पण दिवस लहान होतोय की मोठा, हे डोळ्यांवाटे मेंदूला कळत असतं. त्यावरून आणि थंडी-उन्हावरून शरीर जुने केस सोडतं आणि नवे उगवतं. रॉटवाईलला डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस साधारण सव्वाआठ तासांचा, तर जूनचा सर्वांत मोठा दिवस १६ तासांचा. वर्ध्याला हाच फरक जेमतेम अडीच तासांचा! तिकडच्या कुत्र्याला ऋतू ओरडून सांगतो, इकडच्याला कानात कुजबुजतो.

इथपर्यंत लवेची गोष्ट झाली. केसांच्या लांबीची गोष्ट वेगळीच आहे, आणि मला तर ती जास्त नवलाची वाटते.

कधी कधी आखूड केसांच्या आई-बापांना एखादं झिपरं पिल्लू होतं. कानांवर, पोटाखाली, शेपटीला लांबच लांब केस! लोक म्हणतात, यात दुसरी जात मिसळली असणार. तसं असायलाच हवं असं नाही. पंगतीत वाढणारा येतो तेव्हा आपण पानावर हात धरून "पुरे" म्हणतो की नाही? केस वाढत असताना त्याच्या मुळालाही असाच "पुरे"चा निरोप मिळतो. हा निरोप ज्या जनुकाकडून येतो त्याचं नाव एफजीएफ-५. या जनुकात एका अक्षराची चूक झाली तर निरोप नीट पोचत नाही आणि वाढप बराच वेळ सुरू राहतं. केस लांब होतात.

प्रत्येक पिल्लाला या जनुकाची एक प्रत आईकडून मिळते आणि एक बापाकडून. एक प्रत धड असली तरी "पुरे" पुरेसं ऐकू जातं आणि केस आखूडच राहतात. पण आई आणि बाप दोघांकडेही एक धड आणि एक चुकलेली प्रत असेल तर? वहीत चार चौकोन आखून बघा. धड-धड, धड-चुकलेली, चुकलेली-धड, चुकलेली-चुकलेली. चौथ्या चौकोनातलं पिल्लू झिपरं! म्हणजे दर पिल्लामागे चारात एक शक्यता. नाणेफेकीसारखं आहे हे, त्यामुळे आठ पिल्लांत कधी तीन झिपरी निघतील तर कधी एकही नाही.

शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये ८० जातींचे हजाराहून जास्त कुत्रे तपासले. केस लांब की आखूड, सरळ की कुरळे, भुवया-मिशा झुपकेदार की साध्या, हे बहुतेक सगळे प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या जुळणीतून होतात, असं त्यांना दिसलं. अमेरिकेतल्या प्रदर्शनात लांब केसांच्या रॉटवायलरला बाद करतात. मला विचाराल तर त्या पिल्लाचं काहीच बिघडलेलं नसतं. ते तसंच धावतं, तसंच भुंकतं आणि तसाच जीव लावतं.

कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. लांबीचा हा जनुक ३२व्या जोडीवर बसतो. लव असणं-नसणं ज्या जागेशी निगडित आहे, ती २८व्या जोडीवर सापडली. पत्ते वेगळे, कारभार वेगळा! लांब केस म्हणजे दाट लव, असं समजू नका. पुरावा हिंगणीच्या शेजारच्या जंगलातच आहे. बोरच्या अस्वलाचे केस किती लांब आणि झिपरे असतात! पण त्यांच्याखाली मऊ लव जवळजवळ नसतेच. रेनकोट लांबलचक, स्वेटर मात्र नाही. आणि हवामानाचा परिणाम बघायचा तर याच जंगलातला रानकुत्रा बघा. त्याचा इथला कोट आखूड, पण हिमालयापलीकडच्या थंडीत राहणाऱ्या त्याच्या भाऊबंदांचे केस लांब आणि लव दाट.

आपल्या महाराष्ट्राचंही एक उदाहरण आहे. कारवान ही आपली सडसडीत शिकारी कुत्र्यांची जात, तिचे केस आखूड. पण तिच्यातच कानांना आणि शेपटीला रेशमी झालर असलेले कुत्रे असतात, त्यांना पश्मी म्हणतात. फारसीत पश्म म्हणजे लोकर. याच शब्दावरून पश्मिना आला. आणि पश्मिना शाल कशाची असते, सांगा बरं? लडाखच्या चांगथांगी बकऱ्यांच्या लवेची! थंडी सरताना ती लव गळायला लागते, तेव्हा मेंढपाळ ती विंचरून काढतात. माझा भाऊ अंगणात जे करत होता, तेच.

त्या छोटीने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मंग उन्हाळ्यात याचं टक्कलच करून टाका ना!" अनेक मोठी माणसंसुद्धा हेच करतात, आणि ते चुकतं. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातली ओल वाफ होऊन उडते, तेव्हा त्याचं शरीर निवतं. वरचे राठ केस कातडीला उन्हापासून सावली देतात. ते भादरले तर ऊन थेट कातडीवर. सुटलेली लव विंचरून काढणं हाच खरा उपाय. मग केसांतून वारा खेळतो.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर आजपासून एक वही करा. दर रविवारी मोठ्या माणसाला सोबत घेऊन त्याला विंचरा आणि निघालेली लव किती, हे लिहून ठेवा: चिमूटभर, मूठभर की ओंजळभर. परक्या कुत्र्याला मात्र हात लावू नका. मेमध्ये डांबरी रस्त्यावर तळहात टेकवून बघा. तुम्हाला पाचापर्यंत मोजणं जमलं नाही, तर त्याला त्या वेळी फिरायला नेऊ नका. आणि अंगणातल्या सावलीत पाण्याचं एक पसरट भांडं ठेवा. गावातले गावरान कुत्रेही त्यातलं पाणी पितील.