भिंत आपली, परवानगीही आपली

निवडणूक लागली की गावात सगळ्यात आधी काय बदलतं? भिंती बदलतात. काल जिथं गोवऱ्या थापल्या होत्या, तिथं आज उमेदवाराचं नाव आणि चिन्ह दिसतं. दारावर झेंडा, खांबावर फ्लेक्स, ओट्यावर पत्रकांचा गठ्ठा. आपल्या जिल्ह्यात डिसेंबर २०२५ मध्ये अंबड, भोकरदन आणि परतूर नगरपरिषदांची निवडणूक झाली. लगेच जानेवारी २०२६ मध्ये जालना महानगरपालिकेची पहिली निवडणूक झाली. ग्रामपंचायतीला तर गल्लीतलं एकही घर सुटत नाही. म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलू. आपल्या घराच्या भिंतीवर कुणाचा प्रचार लागावा, हे ठरवायचं कुणी?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न काढला की बहुतेक जणी म्हणतात, "आम्हाला कोण विचारतं?" आमच्या ओळखीतली एक ताई कापूस वेचून संध्याकाळी घरी आली, तर तिची भिंत रंगवून झाली होती. घरात कुणालाच विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी समोरच्या पॅनलच्या बायका तिच्याशी बोलेनात. तिनं मत कुणाला द्यायचं हे अजून ठरवलंही नव्हतं, पण गावानं तिचं मत भिंतीवर वाचून टाकलं होतं.

आता नियम काय सांगतो ते बघू. निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेत हे स्पष्ट आहे. कुणाच्याही जागेवर, घरावर किंवा कुंपणाच्या भिंतीवर त्याच्या परवानगीशिवाय झेंडे लावायचे नाहीत, फलक टांगायचे नाहीत, पत्रकं चिकटवायची नाहीत आणि घोषणा लिहायच्या नाहीत. उमेदवारानं आपल्या कार्यकर्त्यांनाही तसं करू द्यायचं नाही. म्हणजे आधी विचारायचं, मग लावायचं. आधी लावून नंतर "चालतंय ना, वहिनी?" असं विचारणं म्हणजे परवानगी नव्हे.

मग परवानगी द्यायची कुणी? घराच्या मालकानं. इथं आपल्या कामाची एक गोष्ट आहे. २००३ साली महाराष्ट्र शासनानं गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करण्याचा निर्णय घेतला. 'घर दोघांचे' म्हणून तो ओळखला जातो. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा काढा आणि तुमचं नाव आहे का ते बघा. असेल तर भिंत जेवढी मालकांची तेवढीच तुमची. नसेल तर नाव लावून घेण्यासाठी अर्ज करा. ते काम निवडणुकीनंतरही उपयोगी पडेल.

घर सोडून बाकी भिंतींचं काय? शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत, दवाखाना, पाण्याची टाकी, विजेचे खांब ही सगळ्यांची मालमत्ता. तिथं कुणाचाच प्रचार नको. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. साताऱ्याची सुस्वराज्य फाउंडेशन ही संस्था बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयानं त्यावर सविस्तर निकाल दिला आणि असे फलक काढण्याची जबाबदारी नगरपालिका-महानगरपालिकांवर टाकली. साध्या नागरिकांनी विचारलं म्हणूनच हे घडलं.

कुणी म्हणेल, एका पाटीनं असं काय होतं? अमेरिकेत लोक घरापुढच्या अंगणात उमेदवाराच्या नावाची छोटी पाटी रोवतात. तिथल्या अभ्यासकांनी चार निवडणुकांमध्ये प्रयोग केले. काही भागांत पाट्या लावल्या, काही भागांत लावल्या नाहीत. जिथं पाट्या होत्या, तिथं उमेदवाराची मतं सरासरी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसली. तिथलं गणित इथं जसंच्या तसं लागू होत नाही, पण अंदाज येतो. आपल्या चारशे मतांच्या वॉर्डात पावणेदोन टक्के म्हणजे सात मतं. ग्रामपंचायतीला सात मतांनी पडलेले उमेदवार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

आता खर्चाकडे बघा. २०१७ साली राज्य निवडणूक आयोगानं ग्रामपंचायतीसाठी खर्चाची मर्यादा ठरवली. सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला २५ हजार रुपये. तुमच्या निवडणुकीला किती आहे ते तहसीलमध्ये विचारून घ्या. समजा फ्लेक्सला चौरस फुटामागं पंधरा रुपये धरले. आठ बाय दहाचा एक फ्लेक्स बाराशे रुपयांना पडतो. असे वीस लावले की चोवीस हजार झाले. मग गाडी, भोंगा आणि पत्रकांचे पैसे कुठून आले? म्हणून चौकाचौकात फ्लेक्स दिसले की मोजायला शिका. उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो. निकालानंतर तीस दिवसांत दिला नाही तर तो अपात्र ठरू शकतो. आपल्या गटात दहा रुपयांचा हिशेब लागला नाही तर बैठक उठत नाही. गावाच्या कारभाऱ्याला तेवढीच शिस्त लावली तर काय बिघडलं?

सगळ्या भिंती एकाच पॅनलच्या झाल्या की दुसऱ्याकडे माणसंच नाहीत असं वाटायला लागतं. मग भूमिहीन घरातली, एकटी राहणारी किंवा नवी उभी राहिलेली बाई प्रचाराआधीच हरल्यासारखी दिसते. तिच्याकडे फ्लेक्सला पैसे नसतात आणि भिंत मागायला भावकी नसते. निवडणूक सारखी व्हायची असेल तर भिंती पैशानं किंवा धाकानं मिळता कामा नयेत.

हे सांगणं सोपं आहे, करणं अवघड. भिंत मागायला येणारा परका नसतो. तो चुलत दीर असतो, ट्रॅक्टरवाला असतो, उन्हाळ्यात ज्याच्या विहिरीवरून आपण पाणी आणतो तो असतो. त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं कसं? आमचं म्हणणं एवढंच, की एकीनं म्हणू नका, सगळ्यांनी मिळून म्हणा. आणि एकालाच नाही म्हणू नका, सगळ्यांनाच म्हणा. "भाऊ, आमच्या घरावर आम्ही कुणाचंच लावत नाही, तुमच्याबद्दल काही नाही," हे वाक्य कुणाला टोचत नाही. पॅनलवाले गावात फिरायला लागायच्या आधीच ते सांगून ठेवलं तर आणखी बरं. निवडणुकीआधी दारावर एक कागद चिकटवता येतो. त्यावर लिहा: "या घरावर कोणत्याही उमेदवाराचा प्रचार लावू नये. घरमालक." खाली दोघांच्या सह्या करा.

मात्र एखाद्या ताईला मनापासून कुणाची पाटी लावायची असेल तर तो तिचा हक्क आहे. गटानं तिला अडवायचं नाही. परवानगी म्हणजे नाही म्हणण्याचा हक्क आणि हो म्हणण्याचाही. घरात दोघांचं मत वेगळं असेल तर भिंत कोरी ठेवलेली बरी. मत पेटीत गुप्त असतं, ते भिंतीवर उघडं करायची सक्ती कुणावर नाही.

गटाचं मात्र वेगळं आहे. गटाचा फलक, ग्रामसंघाची खोली, बैठकीची सतरंजी, बँकेतले पैसे हे सगळ्या मैत्रिणींचं आहे. तिथं कुणाचाही प्रचार नको. अगदी आपली अध्यक्षा उभी राहिली तरी नको. तिला मदत करायची तर आपल्या वेळेत, आपल्या पायानं गल्लीत फिरून करा. बैठकीला येऊन कुणी साड्या किंवा भांडी वाटायला लागलं तर ती घ्यायची नाहीत आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची.

आणखी एक बघायला शिका. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण फ्लेक्सवर नवऱ्याचा फोटो मोठा आणि उमेदवार बाईचा कोपऱ्यात, असं अजूनही दिसतं. निवडून यायचंय तिला, कारभार करायचाय तिला, तर चेहरा आणि नाव तिचंच मोठं पाहिजे. गटातली कुणी उभी राहिली तर फ्लेक्स छापायला जाताना दोन-तीन जणी तिच्याबरोबर जा आणि मजकूर तिच्याकडूनच वाचून घ्या.

न विचारता भिंत रंगवली तर काय करायचं? भांडायचं नाही. दुसऱ्याचा फ्लेक्स फाडायचा नाही, त्यातूनच मारामाऱ्या होतात. मोबाइलवर फोटो काढा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. आधी उमेदवाराला सांगा की स्वतःच्या खर्चानं पुसून द्या. ऐकलं नाही तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या नावानं साध्या कागदावर अर्ज लिहा. त्यात घर क्रमांक, काय लावलं, कधी लावलं आणि परवानगी दिली नव्हती, एवढं पुरे. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. एकटीनं तहसीलला जायची भीती वाटत असेल तर पाच जणी मिळून जा.

या महिन्याच्या बैठकीत बचत आणि कर्जफेड झाली की पंधरा मिनिटं या विषयाला द्या. किती जणींचं नाव नमुना आठवर आहे ते मोजा. गटाच्या नावानं आणि गटाच्या जागेत प्रचार होणार नाही असा ठराव लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. निवडणूक पाच वर्षांनी येते आणि जाते. पण शेजारीण रोजची आहे. पाणी, सरपण, आजारपण यात तीच धावून येते. भिंतीवरच्या नावापायी तिच्याशी बोलणं तुटू देऊ नका.