शुक्राच्या चांदणीवर पहारा

लडाखमधील पँगाँग सरोवराजवळ, ठाकुंग भागात, ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात भारतीय जवानांनी आकाशात अनोळखी प्रकाशगोल दिसल्याच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा ते प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून अलीकडे आले, असे लिहिले होते. संशय होता चिनी ड्रोनचा. बातम्यांत मात्र उडत्या तबकड्या आल्या. शेवटी लष्कराने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारले. हे गोल आजूबाजूच्या ताऱ्यांच्या मानाने कसे सरकतात याच्या नोंदी घेतल्यावर उत्तर मिळाले. एक होता गुरू आणि दुसरा शुक्र.

गावाकडची आजीसुद्धा शुक्राची चांदणी ओळखते, मग जवानांना कशी ओळखू आली नाही? हा प्रश्न सोपा वाटतो, पण तो उबदार घरात बसून विचारलेला आहे.

काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावून पाहिले की थोड्याच वेळात तो हलू लागल्यासारखा दिसतो. आपले डोळे सतत सूक्ष्म थरथरत असतात. एरवी झाड, भिंत, डोंगर यांच्या आधाराने मेंदू ती थरथर वजा करतो. अंधारात आधारच नसतो, त्यामुळे मेंदूचा हिशेब चुकतो. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये अंधाऱ्या खोलीत स्थिर दिवा दाखवून तो किती हलला हे लोकांना विचारले. एकेकट्याची उत्तरे वेगवेगळी आली, पण एकत्र बसवल्यावर ती एकमेकांच्या जवळ सरकत गेली. म्हणजे भास एकाचा राहत नाही, तुकडीचा होतो. याला वेड म्हणायचे कारण नाही. निरोगी डोळ्यांचेच हे वागणे आहे.

त्यात ठाकुंगची उंची चार हजार मीटरच्या वर. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. रात्री पाहण्याचे काम करणाऱ्या दृष्टिपटलातील पेशी प्राणवायूच्या बाबतीत फार हळव्या असतात, त्यामुळे विरळ हवेत रात्रीची नजर आधी मंदावते. झोपही तुटक लागते. उलट धूळ आणि दमट हवा नसल्याने ग्रह मैदानी भागापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतात. त्या हिवाळ्यात गुरू संध्याकाळपासून आणि शुक्र पहाटे आकाशात होता. दोघेही उगवत पूर्वेला, म्हणजे जिथून धोका येईल असे जवानाला शिकवलेले असते त्याच दिशेला.

आणि धोका काल्पनिक नव्हता. एप्रिल २०१३ मध्ये देपसांगला दोन्ही सैन्ये सुमारे तीन आठवडे समोरासमोर उभी होती. अशा वेळी एखाद्या ग्रहावर बंदूक रोखली गेली असती तर?

रात्री उडणाऱ्या वैमानिकांना हा भास आधीच समजावून सांगतात. एका दिव्यावर नजर खिळवू नका, ती फिरती ठेवा, असे त्यांना शिकवले जाते. पहाऱ्यावरच्या जवानाला आणखी एक सोपी युक्ती करता येते. समोर एक काठी रोवायची, तिच्या टोकाशी ठिपका जुळवायचा आणि दहा मिनिटांनी त्याच जागी बसून पुन्हा पाहायचे. ग्रह असेल तर तो शेजारच्या ताऱ्यांसोबतच सरकलेला दिसेल.