शरदाचे पाणी आणि अगस्त्याचा उदय

पर्जन्यकाळ सरून आकाश निरभ्र झाले, आणि चार महिने ओलाव्याला व गारव्याला सरावलेल्या शरीरावर एकाएकी प्रखर ऊन पडू लागले, की वर्षाऋतूत निमूटपणे साचत राहिलेले पित्त उसळते, अशी चरक आणि वाग्भट या दोघांचीही मांडणी आहे. आणि आश्विनात डोळ्यांची जळजळ, आंबट ढेकरा, अंगावर उठलेल्या गांधी, फुटलेला घोळणा अशा तक्रारी घेऊन आलेल्या मंडळींनी वैद्याची ओसरी भरलेली ज्याने पाहिली आहे, त्याला शरद ही वैद्यांची माता होय, ही जुनी थट्टा फारशी अतिशयोक्त वाटणार नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील तिसऱ्या अध्यायात या ऋतूचा बंदोबस्त सांगितला आहे, तो थोडक्यात असा: कडू, गोड व तुरट रसांचे हलके अन्न भूक लागल्यावरच घ्यावे, साळीचा भात, मूग, पडवळ, आवळा, साखर, मध यांना मुभा, दही, तेल, क्षार, तीव्र मद्य, तडस लागेपर्यंतचे जेवण, कडक ऊन, दिवसाची झोप आणि रात्रीचे दव यांना मनाई. कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप, विरेचन व रक्तमोक्षण हे उपायही तेथे आहेत, परंतु ते वैद्याच्या नजरेखालीच करावयाचे. शेजाऱ्याच्या शिफारशीवरून घरच्या घरी जुलाब घेण्याचा प्रकार मला सर्वस्वी अमान्य आहे. पथ्याची ही यादी हल्ली कोणत्याही कॅलेंडरच्या पाठीमागे सापडते, म्हणून तेथे अधिक रेंगाळत नाही.

माझे मन गुंतले आहे ते पाण्यात. दिवसा सूर्यकिरणांनी तापलेले, रात्री चंद्रकिरणांनी निवालेले, काळाने परिपक्व झालेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले असे जे शरदातील जल, त्याला हे ग्रंथकार ‘हंसोदक’ म्हणतात, आणि ते पिण्यास, स्नानास व डुंबण्यास अमृतासमान मानतात. एरवी हिशेबी लेखणीने पथ्ये टिपणारे हे आचार्य येथे मात्र असे खुलतात की, वैद्यकाचे पुस्तक वाचत आहोत याचा क्षणभर विसर पडावा.

याच अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिणारा हेमाद्री म्हणजे दुसरातिसरा कोणी नसून, देवगिरीच्या महादेवराय व रामदेवराय या यादव राजांच्या पदरी श्रीकरणाधिप, म्हणजे साऱ्या दफ्तराचा मुखत्यार असलेला, आणि पुढे महाराष्ट्राने ज्याच्या खाती जुनी दगडी देवळेच काय, मोडी लिपीसुद्धा जमा करून टाकली तो आपला हेमाडपंत. त्याची टीका संपूर्ण मिळत नाही. पण सूत्रस्थानावरचा भाग शाबूत आहे, आणि अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरा’ टीकेसह तो मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केला. राज्याचा जमाखर्च सांभाळून हा गृहस्थ रात्री समईच्या उजेडात पित्ताच्या संचयप्रकोपाचा हिशेब तपासत बसत असेल, अशी कल्पना करण्याचा मोह मला आवरत नाही.

ग्रंथातले हे पाणी प्रत्यक्ष पाहावे म्हणून मी आश्विनात वाईजवळच्या मेणवलीस जात असतो. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागचा कृष्णेचा घाट, आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेची साक्ष देणारी ती पोर्तुगीज घंटा, हे सारे प्रसिद्धच आहे. परंतु घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून खाली पाहावे, तर श्रावणात तांबड्या मातीने गढूळ झालेल्या त्याच प्रवाहाच्या तळचे गोटे, त्यांवरचे शेवाळ आणि त्या शेवाळाला तोंड लावणारे बोटभर मासे स्वच्छ दिसतात. पूर ओसरला, प्रवाह मंदावला, गाळ तळाशी बसला; काळाने पाणी परिपक्व होते ते असे.

आणि अगस्त्य? व्याधाच्या खालोखाल आकाशातील सर्वांत तेजस्वी असा हा तारा आपल्यापासून सुमारे 310 प्रकाशवर्षे दूर आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस सूर्यतेजात लोपलेला अगस्त्य पावसाळा उतरणीला लागताना पहाटे पुन्हा दिसू लागतो, आणि त्याचे हे दर्शन स्थळपरत्वे निरनिराळ्या दिवशी घडते, हे वराहमिहिराने बृहत्संहितेतील ‘अगस्त्यचार’ या अध्यायात नोंदवून ठेवले आहे. दिल्लीहून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम नऊ अंश चढतो, पुण्याहून एकोणीस. त्या ताऱ्याच्या किरणांनी पाण्यातील विष उतरते, असे मी मानीत नाही. माझ्या मते तो केवळ पंचांगातील शिक्का आहे, गढूळ पाण्याची मुदत संपल्याचा. उन्हाची गोष्ट मात्र निराळी. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील आफ्तिम आक्रा यांनी 1980च्या दशकात सूर्यप्रकाशाने पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्याच्या पद्धतीवर लिहिले, आणि पारदर्शक बाटलीत भरलेले नितळ पाणी सुमारे सहा तास कडक उन्हात ठेवण्याची रीत पुढे अनेक देशांत रूढ झाली.

आता थोडे याच ऋतूत येणाऱ्या दिवाळीच्या फराळाविषयी. आश्विन-कार्तिक हा शरद. तळलेल्या स्निग्ध पदार्थांना मोकळीक देणारा हेमंत मार्गशीर्षात यावयाचा. तेव्हा ग्रंथाच्या हिशेबाने आपली चकली आणि चिवडा मोसमाआधीच पानात पडतात. शार्ङ्गधर या वैद्यकग्रंथकाराने तर कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यांना ‘यमदंष्ट्रा’ असे भयंकर नाव देऊन अल्पाहाराचा हुकूमच सोडला आहे. हा मुद्दा मी वाईच्या एका वृद्ध वैद्यांपुढे काढला, तेव्हा ते हसून म्हणाले, “अहो, फराळाला मनाई करणाऱ्या वैद्याकडे कोण येणार? दोन चकल्या खा, पण उन्हातून आल्याबरोबर नको, आणि सोबत दह्याची वाटी तर मुळीच नको.” एका ऋतूचे शेवटचे सात दिवस व पुढच्याचे पहिले सात, या पंधरवड्यात जुनी सवय हळूहळू सोडून नवी हळूहळू धरावी, हा वाग्भटाचा ऋतुसंधीचा नियमही याच सौम्य वृत्तीचा आहे, आणि साऱ्या ऋतुचर्येत आजच्या माणसाने एकच कलम पाळावयाचे ठरवले, तर ते हेच पाळावे.

वाचकांना एवढीच विनंती, की नरकचतुर्दशीस अभ्यंगासाठी उठाल तेव्हा दक्षिणेकडची खिडकी उघडून अगस्त्य अवश्य पाहा. नदीचे पाणी मात्र, ते कितीही नितळ दिसो, उकळल्यावाचून पिऊ नका.