सांगलीची काळी माती, मांडवीची काळी वाळू

सांगली-मिरजेहून कोल्हापूर आणि आंबा घाटमार्गे रत्नागिरी गाठली, की आपण घाटावरची माणसं आधी समुद्राकडे धावतो. मांडवीच्या पुळणीवर पाऊल टाकलं, की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. वाळू काळी कशी? कोणी सांडलं हे काजळ?

गंमत म्हणजे, गावाच्या उत्तर अंगाला जो किनारा आहे त्याला रत्नागिरीकर ‘पांढरा समुद्र’ म्हणतात आणि मांडवीला ‘काळा समुद्र’! पाणी एकच. मधे फक्त समुद्रात घुसलेला डोंगर आणि त्यावर रत्नदुर्ग.

आधी या डोंगराची करामत बघू. हिवाळ्यात लाटा बहुतेक वायव्येकडून येतात आणि डोंगराच्या नाकावर आदळतात. पण मांडवीला त्या पोचतात तेव्हा कशा मवाळ झालेल्या असतात! असं का होतं? खळ्यातली मळणी आठवा. तिवड्याजवळचा बैल सावकाश चालतो, कडेचा झपाझप, म्हणून अख्खी पात गोल फिरते. लाटेचंही तसंच. तिचं जे टोक उथळ पाण्यात येतं ते रेंगाळतं, खोल पाण्यातलं पुढे पळतं आणि लाट वळते. डोंगराला वळसा घालून आत शिरताना ती पसरत जाते. भाकरी थापताना गोळा जितका पसरतो तितका पातळ होतो ना? लाटेचा जोरही तसाच पातळ होतो. डोंगर मार खातो आणि त्याच्या आडोशाला वाळू निवांत विसावते.

पण ती काळी कशी? चिमूटभर वाळू तळहातावर घ्या आणि भिंगातून बघा. उजळ कणांमध्ये शंख-शिंपल्यांचा चुरा दिसेल. आता जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक वाळूवरून फिरवा. बघता बघता त्याला काळी दाढी फुटेल! हे मॅग्नेटाइटचे कण, म्हणजे लोखंडाचं खनिज. त्यांच्या सोबतीला इल्मेनाइट असतं, लोखंड आणि टायटॅनियमची जोडगोळी. आणि नवल असं, की याच काळ्या इल्मेनाइटपासून टायटॅनियम डायऑक्साइड बनवतात. भिंतीच्या शुभ्र रंगाचा शुभ्रपणा त्याचाच!

हे कण आले कुठून? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरांवर थर चढवत गेला. त्याचाच सह्याद्रीचा काळा कातळ झाला. त्या लाव्ह्यातच हे बारीक कण गोठले. मग ऊन-पावसाने कातळ झिजला आणि कोकणातल्या आखूड, धावत्या नद्यांनी तो चुरा समुद्रात आणला. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत जी नदी मिळते तिचं नाव काय असावं? काजळी!

चुरा आला तो सगळा मिसळलेला. निवडला कोणी? लाटांनी! आई सुपात धान्य पाखडते तेव्हा हलकं फोलपट उडतं आणि जड दाणा मागे राहतो. शिंपल्याचा चुरा पाण्याच्या जेमतेम पावणेतीनपट जड, तर मॅग्नेटाइट पाचपटीहून जास्त. लाट चढते, परतते आणि हलके कण उचलून नेते. जड कण जागचे हलत नाहीत. सोनाराच्या दुकानापुढची धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी हेच तर करतात. फक्त समुद्राचा हा झारा हजारो वर्षं, रात्रंदिवस चालू आहे.

आता सह्याद्रीच्या माथ्यावर उभं राहून दोन्हीकडे बघा. पश्चिमेला उतरलेल्या कातळाची मांडवीची वाळू झाली. आणि पूर्वेला? तोच कातळ कुजून, मुरून कृष्णाकाठची काळी जमीन झाली. जिच्यात आपली हळद आणि ऊस पिकतो, ती ही माती! साताऱ्याचा अजिंक्यताराही त्याच लाव्ह्याचा. समुद्रावर आपण परक्या मुलखात आलोय असं वाटतं, पण पायाखाली माहेरचाच दगड असतो.

पटत नाही? मग ते लोहचुंबक घरी आणा. वळवाचा पाऊस पडून गेला, की रस्त्याकडेच्या ओघळात काळ्या रेघा उमटतात. त्यावरून चुंबक फिरवा. मांडवीला फुटली होती तीच काळी दाढी तुमच्या दारातही फुटेल.